नाताळची सजावट घरच्या घरी: सोलापुरात सहज मिळणाऱ्या साहित्यातून

नाताळची सजावट हातानं करायची असं ठरलं की पहिल्यांदा करणारी माणसं थेट नवी पेठ गाठतात. चकाकणारा कागद, प्लास्टिकच्या पानांची माळ आणि तयार चांदण्या घेऊन घरी येतात, आणि मग हातानं करण्यासारखं काही उरतच नाही. माझं सांगणं असं की बाजारात जाण्याआधी आपल्या गावाकडे बघा. सोलापूर हे सुताचं, कापडाचं आणि ज्वारीचं गाव आहे. चादरीच्या आणि टॉवेलच्या कारखान्यांत कोनवर उरलेलं सूत असतं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्यांकडे रंगीत कात्रणांची पोती पडलेली असतात. वेशीबाहेर पडलं की कडबा आहे, उसाचं पाचट आहे. दारावरच्या ताऱ्यापासून गव्हाणीपर्यंत, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्यापर्यंत, सगळी सजावट यातून होते.

चर्चमधल्या मुलांना आणि त्यांच्या आयांना हे शिकवताना दरवर्षी तेच प्रश्न येतात, तीच अडचण होते. म्हणून सगळं क्रमानं लिहितो आहे. हा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जात नाही, वाळायला लागणाऱ्या वेळावर लावलेला आहे. ज्याला वाळायला जास्त वेळ लागतो ते आधी करायचं. सजावट अर्धवट राहते ती बहुतेक वेळा यामुळेच: 23 तारखेला सगळं तयार असतं, पण ओलं असतं.

1. आधी तारखा ठरवा

आगमन काळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर या दरम्यान येतो. कामाची सुरुवात त्याच रविवारी करा. पहिल्या आठवड्यात मिठाच्या पिठाची लटकनं आणि सुताचे गोळे. दुसऱ्या आठवड्यात ताऱ्याची चौकट आणि कागद. तिसऱ्यात दारावरचा हार आणि गव्हाणी. शेवटचे दिवस फक्त टांगण्यासाठी आणि विजेच्या कामासाठी मोकळे ठेवा.

आपल्याकडची डिसेंबरमधली हवा कोरडी असते आणि हे या कामाला फार सोयीचं आहे. किनाऱ्यावरच्या गावांत जे वाळायला आठवडा घेतं ते इथं तीन-चार दिवसांत होतं. पण कोरडी हवा आहे म्हणून वस्तू उन्हात टाकू नका. दुपारचं ऊन डिसेंबरातही कडक असतं. पीठ तडकतं, फुगे फुटतात, कागदाचा रंग उडतो. सगळं सावलीत, वारा खेळेल अशा जागी वाळवायचं.

2. साहित्य गोळा करा

एकदाच यादी करून आणलं तर पुन्हा पुन्हा फेऱ्या होत नाहीत.

- बांबूच्या कामट्या: 50 सेंमी लांबीच्या 10 आणि 12 सेंमीच्या 5. बुरुडांकडे मिळतात. दिवाळीनंतर आकाशकंदिलाच्या उरलेल्या कामट्याही चालतात.
- पतंगाचा कागद: पांढरा, लाल, पिवळा, प्रत्येकी दोन-तीन ताव. हा दिवाळी संपल्याबरोबर घेऊन ठेवा. तेव्हा स्वस्त मिळतो आणि डिसेंबरात रंग निवडायला उरत नाहीत.
- सुती दोरा किंवा सूत. लोकरीचं नको, कारण पुढं सांगतो.
- गणवेशाच्या कापडाची कात्रणं: हिरवी, मरून, पांढरी.
- मैदा, बारीक मीठ, तुरटी.
- फेविकॉल, पोस्टर कलर, वॉर्निश, गोल लहान फुगे, कात्री, सँडपेपर, सेलोटेप.
- ज्वारीची वाळलेली धाटं, थोडं पाचट, जाड पुठ्ठा.
- 3 ते 5 वॉटचा एलईडी बल्ब, होल्डर, वायर आणि थ्री-पिन किंवा टू-पिन टॉप.

थर्माकोल यादीत नाही. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे आणि या कामात त्याची गरजही पडत नाही.

सुतासाठी पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणी ओळखीचं यंत्रमागावर काम करत असेल तर त्यांना विचारा. कोनच्या तळाशी उरलेलं सूत मागावर परत चढत नाही, पण आपल्याला ते भरपूर होतं. मागताना हक्कानं मागू नका. मालकाला विचारून द्या म्हणावं, नाहीतर देणाऱ्या कामगाराची पंचाईत होते. कात्रणांचंही तसंच. शिवणाऱ्या ताईंना आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर त्या रंगानुसार वेगळी काढून ठेवतात.

3. खळ शिजवा

पतंगाच्या कागदाला फेविकॉल लावला की तो सुरकुततो आणि दिवा लावल्यावर डाग दिसतात. त्यासाठी जुनी खळच चांगली. अर्धी वाटी मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या न राहता कालवा. दुसऱ्या भांड्यात दीड वाटी पाणी उकळा, त्यात हे कालवलेलं हळूहळू ओता आणि ढवळत राहा. पीठ पारदर्शक दिसायला लागलं, चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरायला लागलं की उतरवा. शेवटी चिमूटभर तुरटीची पूड घाला.

पूर्वी खळीत मोरचूद घालत, किडे लागू नयेत म्हणून. तो विषारी आहे. घरात मुलं काम करणार असतील तर अजिबात वापरू नका, तुरटीवर भागतं. खळ दोन दिवसच टिकते, म्हणून ताऱ्याला कागद लावायच्या वेळीच ती शिजवा. आंबूस वास आला की टाकून नवी करा.

4. मिठाच्या पिठाची लटकनं

हे सगळ्यात आधी करायचं. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि पाऊण ते एक वाटी पाणी. पाणी एकदम ओतू नका. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट गोळा झाला पाहिजे. आठ-दहा मिनिटं नीट मळा, मग अर्धा तास झाकून ठेवा. जाडं मीठ वापरलं तर पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि रंग बसत नाही.

अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटा. तारा, घंटा, देवदूत, मासा, जे हवं ते कापा. शंकरपाळ्यांचं कातणं, वाटी, डब्याचं झाकण, सगळं उपयोगी पडतं. दोरा ओवायचं भोक ओलं असतानाच स्ट्रॉनं पाडा, कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत. वाळल्यावर भोक पाडायला गेलात तर तुकडा फुटणारच.

सावलीत वर्तमानपत्रावर ठेवा आणि दिवसातून दोनदा उलटा. न उलटल्यास कडा वर वळतात. तीन-चार दिवसांत वाळतं. घरी ओव्हन असेल तर 100 अंशांवर दोन ते तीन तास ठेवलं तरी चालतं. तव्यावर भाजायला जाऊ नका. वरून तांबूस होतं आणि आत कच्चं राहतं. वाळलं की नाही ते ओळखायला तुकडा गालाला लावून बघा. गार लागला तर आत अजून ओल आहे.

रंग दिल्यावर दोन्ही बाजूंना आणि भोकाच्या आतल्या कडेलाही वॉर्निशचा हात द्या. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. एक बाजू उघडी राहिली तर पावसाळ्यात तिथूनच पीठ सुटायला लागतं. घरात कुत्रा असेल तर ही लटकनं उंच टांगा. एवढं मीठ त्याच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

5. सुताचे गोळे

झाडाला आणि खिडकीला टांगायला हे सगळ्यात देखणे दिसतात, आणि हे करताना मुलं रमतात. फुगा आठ-दहा सेंटिमीटर व्यासाचा होईल एवढाच फुगवा. त्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवा. दोन भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी असं मिश्रण पसरट वाटीत करा, सूत त्यातून ओढत फुग्यावर सगळ्या दिशांनी गुंडाळा. मधे मधे जागा दिसली पाहिजे, पण दोन बोटं आत जातील एवढी मोठी नको. गाठीजवळ थोडी जागा मोकळी ठेवा.

सुती दोराच का? कारण सूत फेविकॉल पिऊन घेतं आणि वाळल्यावर कडक होतं. दुकानात मिळणारी अ‍ॅक्रिलिकची लोकर तेवढी शोषत नाही, गोळा मऊ राहतो आणि फुगा काढला की बसतो. रंगीत सूत वापरणार असाल तर आधी एक तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून बघा. रंग सुटत असेल तर लाल आणि पांढरं एका गोळ्यावर घेऊ नका.

दोरीवर टांगा, खाली कागद पसरा. एक रात्र आणि एक दिवस पुरतो. आता फुगा काढायचा. इथं घाई केली तर फुगा फटकन फुटतो आणि सुताला चिकटलेला भाग ओढत गोळा चेपतो. आधी पेन्सिलीच्या रबरी टोकानं फटींमधून फुगा हलकेच आत ढकला, म्हणजे तो सगळीकडून सुटा होईल. मग गाठीजवळच्या मोकळ्या जागेवर सेलोटेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावरच टाचणी टोचा. टेपमुळे फुगा फुटत नाही, हवा हळूहळू निघते. फुग्याचे तुकडे लगेच केरात टाका, लहान मुलांच्या घशात अडकतात.

6. दारावरचा तारा

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला, पूर्वेकडच्या मागी, म्हणजे ज्ञानी लोकांना वाट दाखवणारा हा तारा. नाताळात ज्या घरावर तो दिसतो तिथं सजावट सुरू झाली असं आपण समजतो. म्हणून यावर मी जास्त लिहिणार आहे. शिवाय तयार ताऱ्यात आणि घरच्या ताऱ्यात जेवढा फरक दिसतो तेवढा दुसऱ्या कुठल्याच वस्तूत दिसत नाही.

लोक हे काम अवघड समजतात कारण ते अंदाजानं करतात. यात थोडी भूमिती आहे, आणि ती धरली तर तारा आपोआप सरळ येतो. जर्मनीतल्या नीस्की इथल्या मोरावियन पंथाच्या शाळेत 1830 च्या दशकात कागदी तारे सुरू झाले तेही भूमितीच्या तासातूनच. मुलांना सोबत घेतलंत तर त्यांचाही एक धडा होऊन जाईल.

कामट्या तासभर पाण्यात भिजवा, म्हणजे वाकतील, तुटणार नाहीत. कडांवरून सँडपेपर फिरवा, बांबूची कुसळं बोटात फार खोल जातात.

आता प्रत्येक 50 सेंटिमीटरच्या कामटीवर दोन्ही टोकांपासून 19 सेंटिमीटरवर पेन्सिलीनं खूण करा. मधे 12 सेंटिमीटर उरतील. फरशीवर खडूनं, हात न उचलता काढतो ती पाच टोकांची चांदणी काढा आणि तिच्या पाच रेघांवर पाच कामट्या ठेवा. दोन कामट्या जिथं एकमेकींना छेदतात तिथं दोघींवरच्या खुणा एकमेकींवर आल्या पाहिजेत. तशा आल्या की आकार बरोबर आहे. कामट्या एकीवरून, दुसरीखालून अशा विणल्यासारख्या घाला, चौकट घट्ट होते. पाच टोकं आणि पाच छेद सुतानं बांधा. तपासायचं तर शेजारशेजारच्या दोन टोकांमधलं अंतर मोजा. सगळीकडे 31 सेंटिमीटरच्या आसपास आलं पाहिजे. कुठं 28, कुठं 34 येत असेल तर गाठी सैल करून सरकवा. आत्ता दुरुस्त केलं नाही तर कागद कधीच नीट बसणार नाही.

मोठा तारा हवा असेल तर कामटीच्या लांबीला 0.38 नं गुणा, टोकापासून तेवढ्यावर खूण येते. 75 सेंटिमीटरच्या कामटीला ती साधारण 28.5 सेंटिमीटरवर येईल.

अशा दोन चौकटी करा. एकीवर एक ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधा. मग आतल्या पाच छेदांच्या जागी दोन्ही चौकटींच्या मधे 12 सेंटिमीटरच्या पाच आडकाठ्या उभ्या घाला. आडकाठीच्या दोन्ही टोकांना लहान खाच पाडून घेतली तर ती निसटत नाही. या आडकाठ्यांना सूत बांधताना सुरगाठ मारा, सोडता येईल अशी. पाचही काठ्या एकदम ताणून बसवू नका. आधी सगळ्या सैल उभ्या करा आणि मग आळीपाळीनं सरळ करत जा, नाहीतर एखादी कामटी कडकन मोडते. कामट्या जाड असतील आणि वाकत नसतील तर आडकाठ्या 10 सेंटिमीटरच्या घ्या.

आडकाठ्या 12 च्याच घेण्यात एक मोठी सोय आहे. प्रत्येक टोकाला चार त्रिकोण येतात: पुढचा, मागचा आणि दोन बाजूंचे. 19 सेंटिमीटरच्या दोन भुजा आणि 12 चा पाया असे हे वीसच्या वीस त्रिकोण एकाच मापाचे निघतात. पुठ्ठ्याचा एकच साचा करा, पाया 12 आणि मधोमध उंची 18. त्याभोवती एक सेंटिमीटर जास्त ठेवून पतंगाचा कागद कापा. घड्या घालून चार-चार एकदम कापले तर काम लवकर उरकतं. शिवाय 12 सेंटिमीटर बाजूचा एक पंचकोन पुढच्या मध्यासाठी. मागचा पंचकोन उघडाच ठेवायचा. तिथून बल्ब आत जातो आणि ऊब बाहेर पडते.

चिकटवताना खळ कामटीला लावा, कागदाला नाही. आधी बाजूंचे त्रिकोण, मग मागचे, शेवटी पुढचे आणि पंचकोन. कागद ताणून लावायचा मोह होतो. तो टाळा. खळीनं ओला झालेला कागद वाळताना आक्रसतो आणि ताणलेला असेल तर मधोमध फाटतो. किंचित सैल लावा. पूर्ण वाळल्यावर त्यावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारला तर तो आपणहून घट्ट होतो.

रंग कुठले घ्यावेत? माझी पसंती पांढऱ्या ताऱ्याला, बाजूंचे त्रिकोण तेवढे लाल. दिवा लावल्यावर पांढऱ्याच्या कडेनं लाल झाक येते आणि तारा लांबून ओळखू येतो. पाच टोकं पाच रंगांची केलीत तर दिवसा छान दिसतं, रात्री मात्र आकार हरवतो.

7. दारावरचा गोल हार

याला सगळे रीथ म्हणतात. भरतकामाची जुनी रिंग किंवा जाड तार वाकवून केलेलं 25 सेंटिमीटर व्यासाचं कडं घ्या. हिरव्या कात्रणांच्या अडीच सेंटिमीटर रुंद, 15 सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा आणि एकेक पट्टी कड्यावर एकच गाठ मारून बांधत जा. दीडशेच्या आसपास पट्ट्या लागतात. जवळजवळ सरकवल्या की हार भरगच्च होतो. मधे मधे मरून आणि पांढऱ्या पट्ट्या घाला.

गणवेशाचं कापड सुरकुतत नाही, रंग पक्का असतो, म्हणून हा हार बरीच वर्षं टिकतो. कडेचे धागे निघत असतील तर निघू द्यावेत, त्यानं तो पानांसारखा दिसतो. सुरूच्या झाडाखाली पडलेली छोटी काटेरी फळं गोळा करून तारेनं अडकवली तर आणखी शोभा येते. पाइनच्या शंकूंसाठी दुकान शोधत बसण्याची गरज नाही.

8. गव्हाणी

गव्हाणी करायची पद्धत फ्रान्सिस ऑफ असिसी यांच्यामुळे रुजली. त्यांनी इटलीतल्या ग्रेचो गावी 1223 साली खरं गवत आणि खरी जनावरं आणून नाताळचा देखावा उभा केला. पुढं मूर्ती आल्या, मग चिनी मातीचे संच आले. आपल्या जिल्ह्यात गुरांचा गोठा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तेव्हा बेथलेहेमचा गोठाही आपल्या सामानातून उभा राहू दे.

ज्वारीच्या धाटांची बैलगाडी लहानपणी केलेली माणसं अजून घराघरात आहेत. आजी-आजोबांना या कामाला बसवा, ते तुमच्यापेक्षा चांगलं करतील. शाळू डिसेंबरात रानात उभा असतो, त्याची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. म्हणून उभ्या पिकाला हात लावू नका. जनावरं पाळणाऱ्यांकडे गेल्या हंगामाचा कडबा असतो, त्यातली जाड, सरळ, बुरशी न लागलेली दहा-पंधरा धाटं मागून आणा. घरात घेण्याआधी एक दिवस उन्हात ठेवा, आत किडे असतात. एवढी एकच गोष्ट उन्हात ठेवायची आहे.

धाटाची वरची टणक साल सोलली की आतला पांढरा मऊ गाभा मिळतो. साल सोलताना फार जपा. तिची कड पात्यासारखी कापते. लहान मुलांना सोललेला गाभाच द्या. सालीच्या पट्ट्या टाकू नका, अर्धा तास भिजवल्या की वाकतात आणि कुंपण, दार, गव्हाणीच्या बाजू यांसाठी उपयोगी पडतात.

30 बाय 20 सेंटिमीटरचा जाड पुठ्ठा हा पाया. न सोललेल्या धाटांचे 15 सेंटिमीटर उंचीचे चार खांब, मागचे दोन थोडे आखूड, म्हणजे छपराला उतार येईल. गाभ्याचे तुकडे एकमेकांना जोडायला बाभळीचे काटे वापरतात. हे जुनं तंत्र डिंकापेक्षा पक्कं आहे आणि वाळायची वाट बघावी लागत नाही. काटे मिळाले नाहीत तर टूथपिक वापरा. छपराला पाचट. गळीत हंगाम चालू असल्यानं ते या दिवसांत कुठंही मिळतं. ते खालच्या बाजूनं सुरू करून वर थरावर थर लावा, शाकारतात तसं. जमिनीवर थोडा कडब्याचा भुसा पसरा.

माणसं आणि जनावरं मिठाच्या पिठाची करायची असतील तर ती चौथ्या पायरीच्या वेळीच करून ठेवा. उभी मूर्ती जाड असते, तिला वाळायला आठवडा लागतो. आत काडी घातली तर मान मोडत नाही. मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडीचा तुकडा टाका. सांगोला-मंगळवेढ्याकडचे धनगर आपण रोज बघतो. मुलांना मेंढपाळ कोण हे त्या तुकड्यावरून लगेच कळतं. मरियेच्या डोक्यावरून सुती कापडाचा पदर घ्या. मागी लोकांना चमकदार कापड वापरायला हरकत नाही, ते दुरून भेटी घेऊन आले होते.

काही घरांत बाळ 24 तारखेच्या रात्री ठेवतात आणि मागी 6 जानेवारीला. मला ही पद्धत आवडते, मुलं रोज गव्हाणीजवळ येऊन बघत राहतात.

एक ताकीद. गव्हाणीजवळ मेणबत्ती किंवा पणती अजिबात नको. वाळकं पाचट आणि कडबा ठिणगीनंसुद्धा पेटतो. उजेड हवा असेल तर बॅटरीवरची छोटी एलईडी माळ छपराच्या आतून फिरवा.

9. झाड

आपल्याकडे सुरूची फांदी आणून तिचं झाड करायची रीत आहे. ती रस्त्याकडेच्या किंवा बागेतल्या झाडाची तोडू नका. शहरात झाड तोडायला आणि छाटायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते. कुणाच्या शेतात बांधावर सुरूचं झाड असेल आणि त्यांनी छाटलेली फांदी दिली तर उत्तम. फांदी बादलीत ओल्या वाळूत रोवा आणि वाळू ओली ठेवा, पंधरा दिवस हिरवी राहते.

नाहीतर रोपवाटिकेतून कुंडीतलं झाड आणा. ते लहान असलं तरी दर नाताळाला थोडं मोठं झालेलं दिसतं. कुंडीतल्या झाडाच्या फांद्या नाजूक असतात. त्यांना सुताचे गोळे टांगा. पिठाची लटकनं जड होतात, ती खिडकीच्या गजाला शोभतात.

10. टांगणं आणि वीज

तारा वरच्या टोकाला दोन पदरी सुती दोरीनं बांधा आणि खालच्या दोन टोकांना पातळ दोरा लावून तो गजाला अडकवा. गच्चीवर वारा सुटला की मोकळा तारा भिंतीवर आपटून फाटतो. वजन कधीही विजेच्या वायरवर येऊ देऊ नका. वायर मागच्या उघड्या पंचकोनातून आत जाईल आणि होल्डर आतल्या आडकाठ्यांना बांधलेल्या दोरीवर लटकेल असं करा. बल्ब कागदाला टेकता कामा नये.

बल्ब एलईडीचाच. घरात जुना 40 किंवा 60 वॉटचा पिवळा बल्ब पडलेला असेल तर तो वापरण्याचा विचारही करू नका, कागद करपतो आणि पेटतो. वायरीला टॉप लावा. उघड्या तारा सॉकेटमध्ये खोचून त्यात काडी घालायची सवय अनेक घरांत आहे. नाताळात घरात मुलं भरलेली असतात, त्यांच्या हाताला ते सहज लागतं. बाहेरच्या जोडावर इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि जोड जमिनीवर लोळत ठेवू नका. झोपताना सगळं बंद करा.

टांगण्याचं काम 20 ते 22 तारखेच्या दरम्यान उरका. कॅरल गाणारी मंडळी घरोघरी येतात तेव्हा तारा लागलेला असावा.

11. उतरवणं आणि ठेवणं

6 जानेवारीनंतर सजावट उतरवा. लगेच संक्रांत आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा येते, घरात पाहुणे असतात, आणि तेव्हा पुढं ढकललेलं काम मग फेब्रुवारीवर जातं. तोवर कागदावर धूळ बसते आणि लटकनांचे दोरे तुटतात.

पिठाची लटकनं एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाका. तांदूळ टाकू नका, त्याला किडे होतात. डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा वर ठेवा. सुताच्या गोळ्यांना पुठ्ठ्याचं खोकं पुरतं, फक्त वर काही जड ठेवू नका. हार पिशवीत घालून खिळ्याला टांगून ठेवा. गव्हाणीतल्या मूर्ती काढून घ्या आणि गोठा जनावरांना घालायचा असेल तर काटे, टूथपिक आणि डिंक लागलेले भाग आधी वेगळे करा. धाटांचा गोठा वर्षभर ठेवला तर उंदीर लागतात, तो दरवर्षी नवा केलेला बरा.

ताऱ्याचा कागद ओल्या फडक्यानं भिजवून सोलून काढा, खळ असल्यानं तो लगेच सुटतो. मग पाच आडकाठ्यांच्या सुरगाठी सोडा. दोन्ही चौकटी एकमेकींवर सपाट बसतात आणि कपाटामागच्या फटीत मावतात. आडकाठ्या चौकटीलाच बांधून ठेवा, आणि त्रिकोणाच्या पुठ्ठ्याच्या साच्यावर 19, 19, 12 ही मापं लिहून तोही तिथंच अडकवा.